पेरूत डोंगर आणि जंगल एकाच ट्रिपमध्ये: मुक्काम कुठे आणि कसा ठरवायचा

पेरूचं प्लॅनिंग सुरू झालं की सगळे आधी बुकिंगचं ॲप उघडतात, कुस्को (तिथलं डोंगरातलं मुख्य शहर) टाकतात, फोटो चाळतात आणि लाकडी बाल्कनीवाली, खाली कौलारू गाव दिसणारी खोली बुक करून मोकळे होतात. आम्हीपण तेच केलं. पहिल्या रात्री तीन वाजता मी, नवरा आणि सासूबाई, तिघंही टक्क जागे, डोकं ठणकतंय, तोंड कोरडं पडलंय, अंगावर तीन ब्लँकेट आणि त्या बाल्कनीचं दार थंडीमुळे घट्ट लावलेलं. व्ह्यू गेला तेल लावत. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस नुसतं पडून काढला आणि ज्यासाठी पैसे मोजले ते काहीच बघितलं नाही.

तेव्हा पहिल्यांदाच जाणार असाल तर एवढं करा, खोली सगळ्यात शेवटी निवडा. आधी कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं ते ठरवा, मग जंगलात किती आत जायचं ते ठरवा, हे दोन ठरले की खोल्यांची निम्मी यादी आपोआप गळते.

पहिलं काम: प्रत्येक रात्रीपुढे मीटर लिहा

कागद घ्या, रात्री मांडा, हॉटेलचं नाव नको, फक्त गाव आणि उंची. राजधानी लिमा समुद्राकाठी, म्हणजे जवळपास शून्यच धरा. कुस्को साधारण ३४०० मीटर. टिटिकाका सरोवराकाठचं पुनो ३८००च्या वर. कुस्कोजवळच्या 'सेक्रेड व्हॅली' नावाच्या नदीखोऱ्यातलं उरुबांबा २८७०च्या आसपास, ओयांतायतांबो २७९०, पिसाक त्यांच्यापेक्षा थोडं वर. माचू पिच्चूच्या पायथ्याचं आग्वास कालिएन्तेस २०४०. आणि जंगलाच्या तोंडावरचं प्वेर्तो माल्दोनादो फक्त २०० मीटर.

हे आकडे नुसते वाचून काही वाटत नाही म्हणून असं बघा, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी कुस्कोच्या एअरपोर्टपेक्षा थोडे कमीच भरतात. आणि लिमाहून तिथे विमान सव्वा ते दीड तासात नेऊन टाकतं. शरीराला कळतच नाही काय झालं ते. एवढ्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो, आणि त्रास उतरल्या उतरल्या होत नाही, सहा-बारा तासांनी होतो, म्हणजे बरोब्बर रात्री. दिवसा आपण हिंडतो, फोटो काढतो, म्हणतो कुठे काय होतंय, आणि रात्री डोकं धरून बसतो.

डॉक्टर लोक सांगतात ते सोपं आहे, ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. लक्षात घ्या, झोपायची. दिवसा वर जाऊन या, चालतं, झोपायला खाली या. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरला विचारा, बीपी, हार्ट, दमा असं काही असेल तर तिकीट काढायच्या आधीच विचारा.

मग क्रम असा लावा

कुस्कोला विमानातून उतरायचं पण तिथे राहायचं नाही, थेट गाडी करून व्हॅलीत खाली जायचं. दीड-दोन तास लागतात. तिथे दोन-तीन रात्री, मग ट्रेनने आग्वास कालिएन्तेस, माचू पिच्चू बघून परत, आणि मग शेवटी कुस्कोत दोन-तीन रात्री. तोवर अंग सरावलेलं असतं, कुस्कोचे चढ पण जरा बरे वाटतात. पुनो करायचंच असेल तर ते कुस्कोनंतर, आधी नाही. आणि जंगल सगळ्यात शेवटी. याला कारण आहे, ३८०० वरून २०० वर उतरलं की पहिल्याच रात्री मेल्यासारखी झोप लागते, उलट जंगलातून सरळ कुस्कोला चढलात तर पुन्हा तीच डोकेदुखी पहिल्यापासून.

यात एक फसगत आहे. ॲपवर 'सेक्रेड व्हॅली' म्हणून शोधलं की चिंचेरोची हॉटेलंपण त्यातच दाखवतात, सुंदर असतात, बर्फाचे डोंगर दिसतात. पण चिंचेरो ३७६० मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोपेक्षाही वर! एअरपोर्टवरून व्हॅलीत उतरायचा एक रस्ता त्याच्यावरूनच जातो, जाताना फोटो काढा आणि पुढे चला, पहिली रात्र तिथे नको.

ज्यांच्याकडे दिवस भरपूर आहेत त्यांनी अरेकिपा शहराहून सुरुवात करायला हरकत नाही, २३३५ मीटर आहे, हळूहळू चढता येतं. फक्त तिथून कोल्का कॅन्यनला जाताना रस्ता ४९०० मीटरच्या आसपास चढून मग चिवायला ३६३५ वर उतरतो, तेव्हा अरेकिपात पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिकडे मुक्कामाला पळू नका.

कुस्कोत एरिया निवडताना

सगळे ब्लॉगवाले सान ब्लास म्हणतात. खरंच छान आहे, दगडी बोळ, निळी दारं, छोटे कॅफे. पण सान ब्लास म्हणजे चढ. आमच्या हॉटेलच्या पानावर लिहिलं होतं मुख्य चौकापासून आठ मिनिटं, ती आठ मिनिटं उतरतानाची होती हे कुणी सांगितलं नाही. टॅक्सीवाल्याने एका बोळाच्या तोंडाशी सोडलं, पुढे गाडी जातच नाही म्हणाला, आणि समोर पायऱ्या. मी मोजल्या, ८४. सासूबाई दर दहा पायऱ्यांना थांबून भिंतीला हात लावून उभ्या, म्हणाल्या अगं मी वणीला पण इतकी दमले नव्हते. नवरा दोन बॅगा घेऊन पुढे गेला आणि वर जाऊन पायरीवरच बसला, पाच मिनिटं बोलेना.

म्हणून बुक करायच्या आधी हॉटेलवाल्याला तीन प्रश्न मेसेजमध्ये विचारा, स्पॅनिशमध्ये विचारलेलं बरं, ट्रान्सलेटचं ॲप आहेच. टॅक्सी दारापर्यंत येते का? रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? खोली कुठल्या मजल्यावर? जुन्या वाड्यांची हॉटेलं आहेत, लिफ्ट बऱ्याचदा नसतेच. उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. वय झालेले कुणी बरोबर असतील तर मुख्य चौकाच्या सखल बाजूला, आव्हेनिदा एल सोलच्या आसपास बघा, तितकं फोटोजेनिक नाही पण सपाट आहे. अगदी चौकावरची खोली असेल तर आतल्या अंगणाकडची मागा, रस्त्याकडच्या खोल्यांना रात्री उशिरापर्यंत क्लबचा धिंगाणा ऐकू येतो.

ऑक्सिजन सिलेंडर आहे का हे पण विचारा, विचारायला लाजू नका, तिकडे हा रोजचाच प्रश्न आहे. रिसेप्शनला कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो, तिथे कायदेशीर आहे, प्या, पण पानं किंवा टीबॅग बॅगेत टाकून घरी आणू नका.

थंडी आणि गरम पाणी, यावरच खोली ठरते

आपल्याला डोंगर म्हटलं की महाबळेश्वरची थंडी डोक्यात असते. कुस्कोत जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या आसपास जातो आणि साध्या हॉटेलात हीटिंग नावाचा प्रकार नसतो. जाड भिंती, जड ब्लँकेटं, झालं. हीटर मागितला तर मिळतो, कुठे फुकट, कुठे रात्रीचे वेगळे पैसे, ते आधीच विचारून घ्या. शब्द आहे 'कालेफाक्सिओन'.

गरम पाण्याचं तर आख्खं शास्त्र आहे. जाहिरातीत 'गरम पाणी' लिहिलेलं असतं, ते चोवीस तास आहे की सकाळी सहा ते आठ हे लिहिलेलं नसतं. छपरावर सोलर असेल तर संध्याकाळी मस्त आणि सकाळी बर्फ. आणि स्वस्तातल्या जागी शॉवरच्या तोंडालाच हीटर बसवलेला असतो, भिंतीतून दोन वायरी निघून थेट त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात गेलेल्या. ओल्या हाताने त्याला शिवायचं नाही, बटण आधी लावायचं आणि मग पाणी सोडायचं. त्याची खुबी अशी की पाणी धो धो सोडलं तर गारच येतं, बारीक धार ठेवली की गरम होतं, मग निम्मं अंग भाजतंय आणि निम्मं कुडकुडतंय अशी आंघोळ. माझं मत विचाराल तर जास्तीचे पैसे व्ह्यूवर नका घालू, गॅस गिझर आणि हीटर असलेल्या खोलीवर घाला.

रिव्ह्यू वाचताना तारीख बघा. ऑक्टोबरमधल्या माणसाने पाच स्टार दिले त्याला थंडीतलं काय कळणार. तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्याच महिन्यातले रिव्ह्यू काढा आणि त्यात थंडी, पाणी, आवाज, पायऱ्या एवढे चारच शब्द शोधा, नाश्त्याचं कौतुक सोडून द्या.

एका शब्दाने लोक फसतात. पाटीवर 'होस्ताल' लिहिलेलं असतं, उच्चार ओस्ताल करतात, आपण समजतो हॉस्टेल, बंक बेड, स्वस्त, तरुण पोरं. तसं नाही. होस्ताल म्हणजे साधं छोटं हॉटेल, स्वतंत्र खोल्या, बरेचदा घरगुती कारभार. बंक बेडवालं पाहिजे असेल तर डॉर्म बेड असं नीट बघून घ्या. 'ओस्पेदाहे' म्हणजे त्याहून साधी राहायची सोय. आणि डबल बेड हवा असेल तर 'मात्रिमोनियाल' म्हणायचं, नुसतं दोघांची खोली म्हटलं तर दोन वेगळे पलंग मिळू शकतात.

प्लगचं पण इथेच सांगते. तिथे २२० व्होल्ट आहे, आपला दोन गोल पिनांचा मोबाईल चार्जर बहुतेक ठिकाणी बसतो, तीन पिनांचा नाही बसत, ॲडाप्टर न्या.

आग्वास कालिएन्तेसला एक रात्र

नावाचा अर्थच गरम पाणी, गावात गरम पाण्याची कुंडं आहेत म्हणून. इथे गाडीरस्ता नाही, बहुतेक लोक ट्रेननेच येतात, ओयांतायतांबोहून पावणेदोन तासाच्या आसपास. गाव म्हणाल तर हॉटेलं आणि दुकानं, बाकी खास काही नाही. तरीपण माचू पिच्चूच्या प्रवेशाचा सकाळचा स्लॉट असेल तर आदल्या रात्री इथेच राहा, वर जाणाऱ्या बस साडेपाचच्या सुमारास सुरू होतात आणि रांग त्याच्याही आधी लागते. स्लॉट दुपारचा असेल तर ओयांतायतांबोला राहून एका दिवसात जाऊन या, पैसे वाचतात. खोली घेताना रुळाला लागून नको आणि नदीला लागूनपण नको, उरुबांबा नदी रात्रभर अशी गर्जत असते की जुन्या ट्रकचं इंजिन उशाशी ठेवल्यासारखं वाटतं, काहींना त्यात छान झोप येते म्हणा. ट्रेनमध्ये सामानाला मर्यादा असते, मोठी बॅग व्हॅलीतल्या हॉटेलला ठेवून जायची, ठेवून घेतात का आणि कुलपात ठेवतात का हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, इथे एक दिवस जास्तीचा धरा. २०१० च्या जानेवारीत पुराने आणि दरडींनी रूळ तुटले तेव्हा हजारो पर्यटक या गावात अडकले होते, हेलिकॉप्टरने काढावे लागले. इतकं दरवर्षी होत नाही, पण ट्रेन उशिरा होणं, रद्द होणं चालू असतं, त्यामुळे पुढच्या मुक्कामाचं बुकिंग कॅन्सल करता येईल असंच घ्या.

घरात राहायचं असेल तर

टिटिकाकामधल्या अमांतानी बेटावर लोकांच्या घरीच राहायचं असतं. पुनोहून साध्या बोटीने तीन-साडेतीन तास लागतात. धक्क्यावर घरमालकीण घ्यायला येते, घरं आळीपाळीने वाटून देतात, म्हणजे तुम्ही घर निवडायचं नाही, घर तुम्हाला निवडतं. आम्हाला मिळालं तिथे मातीची खोली, पलंगावर चार लोकरी ब्लँकेटं, इतकी जड की एकदा पांघरली की कूस बदलायला ताकद लागायची, संडास अंगणाच्या पलीकडे. रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन बाहेर गेले तर वर तारे असे की थंडी विसरून तशीच उभी राहिले. पण हे सगळं ३८०० मीटरच्या वर आहे, बोटीवरून उतरलं की घरापर्यंत चढ, आणि आंघोळ विसरा. लहान मूल किंवा गुडघेदुखीवालं माणूस असेल तर दिवसाच बेट बघून पुनोला परत या. जाणार असाल तर सुट्टे सोल (तिथलं चलन), बॅटरी, कानटोपी आणि घरासाठी तांदूळ, तेल, साखर, फळं असं काहीतरी न्या, मुलांना चॉकलेटं वाटत फिरू नका.

आता जंगल, इथे हिशोबच वेगळा

डोंगरात गाव निवडायचं आणि मग खोली. जंगलात नदी निवडायची आणि मग तास. तास म्हणजे बोटीचे तास. प्वेर्तो माल्दोनादोपासून पाऊण तासावर लॉज आहेत, तीन-चार तासांवर पण आहेत. जवळच्यात सोय जास्त, प्राणी कमी, लांबच्यात उलटं. तिथल्या तांबोपाता रिझर्व्हमध्ये (राखीव जंगलात) मकाव पोपटांचे थवे मातीच्या कड्यावर येऊन माती खातात ते बघायचं असेल तर मोठे कडे नदीच्या वरच्या अंगाला लांब आहेत, जवळच्या लॉजवरून जातो असं कुणी म्हणालं तर कुठला कडा आणि किती तास हे विचारा.

पॅकेज विकतात ते तीन दिवस दोन रात्री. हे नीट मोजा. पहिल्या दिवशी दुपारी विमान उतरतं, ऑफिस, गाडी, बोट, पोचता-पोचता संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून परत. म्हणजे हातात दिवस एकच! लांबचा लॉज असेल तर चार दिवस तीन रात्रींच्या खाली जाऊ नका, पैसे बोटीतच जातात. दरामध्ये बोट, जेवण, गाईड, रबरी बूट आणि रिझर्व्हची एंट्री यातलं काय-काय धरलंय ते लिहून मागा. आणि एका गाईडमागे माणसं किती ते विचाराच, सहा-आठ ठीक, पंधरा असतील तर शेवटच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते.

वीज बऱ्याच लॉजवर चोवीस तास नसते, जनरेटर संध्याकाळी काही तास चालतो आणि चार्जिंग जेवणाच्या हॉलमध्येच असतं, तिथे एकेका प्लगपाशी दहा मोबाईल लटकलेले. पॉवर बँक न्या. रात्री श्वासाचं मशीन लावणारं कुणी असेल तर हे सगळ्यात आधी विचारा. एसीची अपेक्षाच नको, खोलीला एक भिंत नसते किंवा भिंती छपरापर्यंत जात नाहीत, मुद्दामच, वारा खेळावा म्हणून. म्हणजे शेजारच्याचं घोरणं पण खेळतं.

खोलीत शिरल्यावर बॅग टाकायच्या आधी मच्छरदाणी बघा. टॉर्च आतून लावून कापड ताणून बघायचं, भोकं लगेच दिसतात, चारी बाजूंनी गादीखाली खोचता येते का बघायचं, नुसती लोंबत असेल तर काही उपयोग नाही. भोक असेल तर लगेच बदलून मागा, रात्री नऊला जनरेटर बंद झाल्यावर नाही. खाऊ खोलीत ठेवू नका. माझ्या बहिणीने पर्समध्ये राजगिऱ्याची वडी ठेवली होती, सकाळी मुंग्यांची एक बारीक रांग खिडकीतून, भिंतीवरून, खुर्चीच्या पायावरून थेट पर्सच्या चेनपर्यंत, इतकी शिस्तीत की तिला आधी ती दोरीच वाटली.

कपडे वाळत नाहीत, वाळायला तीन दिवस लागतील असं धरून चाला. आणि थंडीचा एक स्वेटर जंगलातपण लागतो हे कुणी सांगत नाही. मे ते ऑगस्टमध्ये कधीकधी दक्षिणेकडून गार हवा घुसते, तिकडे त्याला 'फ्रियाहे' म्हणतात, दोन-चार दिवस पारा दहा-बारा अंशांवर येतो, आणि तुम्ही बिनभिंतीच्या खोलीत!

इकितोस शहराजवळचं जंगल वेगळं. तिथे रस्ताच जात नाही, विमान किंवा बोट. पाणी चढलेलं असतं तेव्हा पायवाटा बुडतात आणि होडीने झाडांमधून फिरवतात, उतरलेलं असतं तेव्हा चालायला मिळतं, आपल्याला काय हवं त्यावर महिना ठरवा. मानूच्या जंगलात कुस्कोहून रस्त्याने उतरत जातात, वाटेत ढगांच्या जंगलात एक मुक्काम होतो, पक्षी बघणाऱ्यांनी हेच करावं, बाकीच्यांना तो रस्ता फार रटाळ वाटेल.

जंगलात जाणार असाल तर यलो फीव्हरची लस जाण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या, पेरूहून भारतात परत येताना ते कार्ड बघतात, नसेल तर क्वारंटाईन होऊ शकतं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारा.

शाकाहारी असाल तर लॉजला बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, आणि नुसतं 'व्हेजिटेरियन' नको, चिकन नको, मासे नको, असं एकेक लिहा, नाहीतर मटण नाही म्हणून प्रेमाने चिकन वाढतील. मध्येच नदीकाठी दुसरं काही मिळत नाही.

पैसे आणि तारखा

परदेशी पाहुणा ६० दिवसांपेक्षा कमी राहणार असेल तर हॉटेलच्या खोलीवरचा १८ टक्के कर त्याला माफ असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि देशात आल्याची नोंद दाखवायची, रिसेप्शनवाला कॉपी काढून घेतो. बिलात कर लावला असेल तर तिथेच शांतपणे विचारा. डॉलर चालतात, पण कोपरा फाटलेली किंवा लिहिलेली नोट घेत नाहीत, आमची एक अशीच पूर्ण ट्रिप फिरून घरी परत आली.

२४ जूनला कुस्कोत इंती रायमीचा उत्सव असतो, २८-२९ जुलैला पेरूचा राष्ट्रीय सण, आणि ईस्टरचा आठवडा. या तारखांना खोल्या चार-पाच महिने आधीच घ्या किंवा मग त्या टाळा. फेब्रुवारीत माचू पिच्चूला चालत जायची वाट, इंका ट्रेल, बंद असते, त्या महिन्यात ट्रेकवाले नसल्याने जरा स्वस्त मिळतं, पाऊस सोसायची तयारी हवी.

जंगलातून परतीचं विमान आणि घरी जायचं मोठं विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये लिमात एक रात्र ठेवा. पावसामुळे प्वेर्तो माल्दोनादोची विमानं लटकतात. ही शेवटची खोली एअरपोर्टजवळ, साधी, पण वॉशिंग मशीन असलेली बघा, कारण जंगलातले ते ओले कपडे तसेच बॅगेत भरून एवढ्या लांब आणलेत तर घरी बॅग उघडणाऱ्याची काय अवस्था होते ते मी बघितलंय.